दोन पेडलांची गाडी

नवऱ्याचा डावा गुडघा वाकेनासा झाला, तेव्हा मी तिशीही गाठलेली नव्हती. ते सानगडीत डॉक्टर होते. आसपासच्या खेड्यांना त्यांच्याशिवाय दुसरं कोणी नव्हतं, म्हणून मोटरसायकलवर सतत फिरतीवर असायचे. दिघोरीच्या वाटेवर एकदा चिखलात मोटरसायकल घसरली आणि पाय तिच्याखाली सापडला. नागपूरला ऑपरेशन झालं, बरेच महिने प्लास्टर राहिलं. पाय वाचला, पण गुडघा कायमचा सरळ झाला. बसले की पाय समोर काठीसारखा ताठ. दवाखान्यात येणारे लोक तो ओलांडून जायचे.

पुढचं एक वर्ष त्यांनी छकड्यात बसून व्हिजिटा केल्या. हादरे बसून पाय सुजायचा. मग कुणाचीतरी जुनी जीप चालवून पाहिली. क्लच दाबायला डावा पायच लागतो. दोन्ही हातांनी मांडी उचलून क्लचवर आदळायचा त्यांनी प्रयत्न केला आणि जीप सरळ आमच्याच कुंपणात गेली. उतरले आणि लंगडत घरात गेले. त्या दिवशी जेवलेही नाहीत.

नागपूरच्या एका मित्राने ती गाडी शोधून दिली. कुठल्याशा कारखान्याच्या उभारणीला आलेला विलायती इंजिनिअर परत जाताना ती मागे सोडून गेला होता. काळपट हिरव्या रंगाची, लांबोडकी. तिला क्लचच नव्हता. खाली दोनच पेडलं, ब्रेक आणि एक्सिलरेटर, आणि दोन्ही उजव्या पायाची. स्टिअरिंगच्या बाजूला एक दांडी आणि तिच्यापाशी इंग्रजी अक्षरं: पी, आर, एन, डी-टू, डी-वन, एल. गियर गाडी स्वतःच बदलायची. आपण फक्त दांडी कुठल्या अक्षरावर ठेवायची ते ठरवायचं.

गाडी ताब्यात देणाऱ्या माणसाने एका मोकळ्या मैदानात आम्हा दोघांना सगळं समजावलं. पी म्हणजे उभी ठेवायची. आर म्हणजे मागे. एन म्हणजे मोकळी. डी-वनवर ठेवली की गाडी पहिल्या गियरवर उठते आणि वेग येईल तसे पुढचे गियर घेते. डी-टूवर ती पहिला सोडून एकदम दुसऱ्यावर उठते, त्यामुळे जरा मंद, पण चाकं घसरत नाहीत. एल म्हणजे खालच्या गियरवर बांधून ठेवलेली. चढावर जोर मिळतो आणि उतारावर इंजिनच गाडीला धरून ठेवतं. नवऱ्याने यातलं एकच मनावर घेतलं.

"डी-वनमंधी ताकत जास्त आहे," ते म्हणाले. "मंग बाकीचे कायले पाहिजेत?"

त्यांचा आनंद मला आजही दिसतो. नागपूरहून परत येताना सगळी वाट तेच चालवत होते, ताठ पाय दाराकडे तिरपा टाकून. साकोलीपर्यंत गुणगुणत होते. अपघातानंतर मी ते पहिल्यांदा ऐकलं.

गाडी चालवायचं माझ्या मनातही नव्हतं. पण सकाळी ती शेडमधून बाहेर काढताना मागे वळून बघावं लागायचं आणि त्या पायामुळे त्यांना ते जमेना. म्हणून ते मला सांगू लागले. मी पीवर स्टार्टर मारायची, इंजिन जरा गरम होऊ द्यायची, आरवर टाकून हळूच अंगणात घ्यायची. सासूबाई तेव्हा दारातून आत जायच्या. त्यांना ते बघवत नसे. अंगण पावसात चिकण व्हायचं. डी-वनवर पुढे घेतली की मागचं चाक सर्रकन फिरायचं आणि डी-टूवर घेतली की गाडी निमूट पुढे सरायची. हे मी रोज बघत होते. कुणाला सांगावं असं त्यात काही वाटलं नव्हतं.

एका भादव्यात, धान पोटरीवर असताना, दिघोरीच्या पलीकडच्या एका वस्तीवरून बोलावणं आलं. पहिलटकरीण अडली होती. बायकांच्या तपासणीला मी सोबत जायचीच, कारण नवऱ्याला खाटेशी वाकता यायचं नाही. आम्ही पोचलो तेव्हा पोरगी ओरडायचीही थांबली होती. वय असेल सतरा-अठरा. नवऱ्याने तपासलं आणि मला बाजूला घेतलं.

"मूल आडवं आहे. भंडाऱ्याले न्या लागते. इथं मी काई करू नाही शकत."

तिला मागच्या सीटवर झोपवलं. तिच्या आईने तिचं डोकं मांडीवर घेतलं. तिचा नवरा आणि दीर सायकलींवर मागे निघाले. वाटेत नदीचा रपटा होता, पुरात बुडणारा बुटका पूल. पुराचं पाणी उतरलं होतं, पण पलीकडच्या चढावर गाळ साचला होता, गुळगुळीत आणि काळा. रपट्यावरून गाडी आली, चढाला लागली आणि मध्येच थांबली.

नवऱ्याने एक्सिलरेटर दाबला. चाकं फिरली, गाडी हलली नाही. त्यांनी पार तळाशी दाबला. गाडी होता नव्हता तेवढा जोर लावू लागली, इंजिन किंचाळलं आणि मागचा भाग एका कुशीवर खाली बसला. जळक्या तेलाचा वास आला. मागे पोरीची आई "माय वं, माय वं" करू लागली.

"डी-टूवर टाकून पाहा ना," मी म्हणाले.

"काहून? ताकत कमी करू का आता?"

"जोर जास्त होऊन राहिला म्हणूनच चाक फिरते."

"तुले काय समजते गाडीतलं? चूप बस."

तेवढ्यात सायकलवाले दोघं पोचले. शेतातून आणखी तीन-चार माणसं आली. त्यांनी मागून रेटा दिला, नवऱ्याने पुन्हा एक्सिलरेटर दाबला, आणि ती माणसं डोक्यापासून पायापर्यंत चिखलाने माखली. गाडी आणखी रुतली. पोरीच्या दिराने काचेशी येऊन हात जोडले. "डॉक्टरसायेब, कायी करा, पन वयनीले पोचवा." नवऱ्याने त्याच्याकडे पाहिलं, मग मागे पोरीकडे. दार उघडून आधी ताठ पाय बाहेर काढला, मग दाराला धरून स्वतः चिखलात उभे राहिले.

"ये," मला म्हणाले. "बस तू."

मी सरकून त्यांच्या जागेवर गेले. माणसांनी पळसाच्या फांद्या तोडून चाकांखाली घातल्या. मी दांडी डी-टूवर आणली आणि एक्सिलरेटरवर पाय नुसता टेकवला, दाबला नाही. इंजिन कण्हलं. गाडी काही वेळ जागीच थरथरली, मग खालून म्हैस उठावी तशी जड उठली. चाक घसरलं नाही. "थांबू नोको बाई, थांबू नोको!" मागून आरडाओरडा झाला. वरच्या कोरड्या जागेपर्यंत मी श्वास घेतला की नाही आठवत नाही.

नवरा तो चढ दोघांच्या खांद्यांवर हात टाकून चढले. गुडघ्यापर्यंत चिखल. मला वाटलं आता ते आपल्या जागेवर येतील. ते फिरून माझ्या बाजूच्या सीटवर बसले.

"चालव," म्हणाले. "वेळ नाही."

डांबरी सडकेवर मी त्याआधी कधी गाडी नेली नव्हती. तिथे गाडी आपले आपण गियर घेत होती आणि मला फक्त दिशा सांभाळायची होती, तरी समोरून ट्रक आला की मी डोळे बारीक करायची. कारध्याच्या पुलावर एका ट्रकला वाट देताना इतकी कडेला गेले की कठडा नवऱ्याच्या हाताशी आला. ते मागे वाकून पोरीची नाडी बघत होते.

भंडाऱ्याला ऑपरेशन झालं. मूल गेलं, पोरगी वाचली. तिची आई व्हरांड्यात माझ्या पायाशी येऊन बसली आणि पदराने माझ्या पायांवरचा चिखल पुसू लागली. मी तिला उठवलं. दोघीही रडलो नाही. रडायला लागते तेवढी ताकद दोघींतही उरली नव्हती.

घरी आल्यावर सासूबाईंनी मला स्टिअरिंगच्या बाजूने उतरताना पाहिलं. "आता बाईनं गाडी हाकाची का?" त्यांनी मुलाला विचारलं.

"हेच चालवन आता," नवरा म्हणाले आणि दवाखान्यात निघून गेले.

ते असं म्हणाले, पण ते त्यांना पटायला किती वर्षं लागली कोण जाणे.

लायसनसाठी मी भंडाऱ्याला गेले, तेव्हा परीक्षा घेणारे गृहस्थ शेजारी बसले आणि म्हणाले, "गियर बदलवून दाखवा."

"गाडी स्वतः बदलवते," मी सांगितलं.

"मंग क्लच कुठी आहे?"

"नाही."

ते वाकून पेडलांकडे बघत राहिले. मग खाली उतरून आणखी दोघांना बोलावून आणलं. तिघांनी ती दांडी पाहिली, अक्षरं वाचली, आपसांत बोलले. शेवटी मला मैदानाला एक फेरी मारायला लावली आणि सही केली. बाहेर आल्यावर नवरा हसले, मीही हसले. गाडीवरून आम्ही दोघं मिळून हसलो असू तर तेवढंच.

त्यानंतरची वर्षं माझ्या डोक्यात एकमेकांत मिसळून गेली आहेत. पहाटे चूल, दोन मुलींच्या वेण्या, शाळेचे डबे, सासूबाईंचं पाणी, मग गाडी. दुपारी कुठल्यातरी गावाहून परत, भात टाकायचा, ताटं वाढायची, पुन्हा गाडी. सुरुवातीला बायका दारात येऊन बघायच्या. पोरं मागे धावायची. पुढे कुणालाच त्याचं काही वाटेनासं झालं. "डॉक्टरीनबाई, थोडसं सानगडीले सोडून देता का?" म्हणत धानाचं पोतं, आजारी बकरी, लग्नाची आंदण-भांडी, काय काय लोकांनी त्या गाडीत चढवलं. नाही म्हणायला मला यायचं नाही.

गाडीचे स्वभाव मी शिकत गेले. उन्हाळ्यात नदीच्या वाळूतून जाताना डी-टू. मध्येच थांबलं की संपलं. तलावाच्या पाळीवर चढताना एल, आणि उतरतानाही एल, नाहीतर ब्रेक तापून पेडल मऊ व्हायचं. एकदा मी पाळीवरून डी-वनवरच उतरले. समोर छकडा, आणि गाडी वेग घेत वरचे गियर घेऊ लागली. तिला वाटलं आपण सपाट सडकेवर आहोत. ब्रेक दाबत दांडी खाली एलवर ओढली, तेव्हा कुठे इंजिन गुरगुरून आवरलं. सडकेवर मात्र एल विसरून राहिलं की इंजिन ओरडत राहायचं, वेग यायचा नाही आणि पेट्रोल भसाभस जायचं. बॅटरी उतरली तर आणखी पंचाईत. गाव सगळा धक्का मारायला धावायचा, पण ही धक्क्याने चालू होत नसे. "लय नकचढी आहे बाई तुमची गाडी," म्हणत घामाघूम माणसं परत जायची. मे महिन्यात लांबच्या खेपेला गियरबॉक्सचं तेल तापलं की गाडी ढिली पडायची. मग मोहाखाली थांबून तासभर तिला निवू द्यायचं. त्या तासात मी बसल्या बसल्या झोपायची.

शेजारी नवरा असायचेच. त्यांचं तोंड चालू असायचं. "डी-वनवर घे." "आता काहून डी-टू?" "दाब ना जरासा, काय अंडे ठेवले का पेडलखाली?" सुरुवातीला मी सांगत असे, चाकाखाली काय आहे, इंजिन काय आवाज करतं आहे. नंतर सांगणं सोडलं. त्यांना चालवता येत होतं, डांबरी सडकेवर चांगलंच येत होतं. पण त्या रपट्यानंतर त्यांनी स्टिअरिंगला हात लावला नव्हता, आणि हात न लावता सगळी गाडी तेच चालवत होते. त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं कदाचित. पण दिवसभर ते ऐकणं वेगळं असतं. उजवा पाय रात्री पोटरीत गोळा येऊन आखडायचा. डाव्याला काही कामच नसल्याने तो बधिर व्हायचा.

अशात मोहाडीहून, माझ्या माहेराहून, वडील आजारी असल्याचा निरोप आला. मी निघायचं म्हटलं की एखादी खाट अंगणात यायचीच. कुणाला साप चावला, कुणी बैलाने फेकलं. चार वेळा तरी बांधलेली पिशवी सोडली असेल. सगळ्या गावाच्या बापांना घेऊन मी भंडाऱ्याला जात होते आणि माझा बाप भंडाऱ्याच्या पलीकडे थोड्याशा अंतरावर पडून होता.

शेवटी एका पेशंटला भंडाऱ्याच्या दवाखान्यात पोचवल्यावर मी गाडी घराकडे वळवलीच नाही. नवऱ्याने पाहिलं.

"कुठी?"

"मोहाडीले."

"तिकडे दवाखान्यात लोक बसून असतीन."

मी गाडी सडकेच्या कडेला घेतली, दांडी पीवर टाकली, किल्ली काढून त्यांच्या हातात दिली. "तं तुम्ही न्या," मी म्हणाले. "मी जातो पायी." आणि खरंच उतरून जवळच्या नाल्यावरच्या पुलाच्या कठड्यावर जाऊन बसले. रागाने नव्हे. मला फक्त बसायचं होतं, अशा जागी जिथून पुढे काही चालवायचं नसेल. नाल्यात म्हशी पडल्या होत्या. बऱ्याच वेळाने त्यांनी एकदा हॉर्न वाजवला, हलकाच. मी परत येऊन बसले, त्यांनी किल्ली दिली, आणि आम्ही मोहाडीला गेलो.

वडील ओसरीत खाटेवर होते. खूप वाळले होते, पण मला ओळखलं. माझा हात धरला आणि तळव्यावरून अंगठा फिरवला. स्टिअरिंगने तिथे घट्टे पडले होते.

"लय थकली दिसतं वं माय," ते म्हणाले.

एवढंच. त्यांनी गाडीचं विचारलं नाही, का आली नाहीस हे विचारलं नाही. मी त्यांच्या खाटेच्या काठावर डोकं टेकलं आणि लहान मुलीसारखी रडले. नवरा ओसरीच्या खांबाला टेकून उभे होते. खाली बसता येत नसल्याने ते नेहमी असेच उभे राहायचे. वडिलांचं बोलणं त्यांनी ऐकलं होतं.

दोन दिवस आम्ही तिथे राहिलो. तेही माझ्याबरोबर थांबले, दवाखाना बंद ठेवून. वडील पुढे महिनाभराने गेले.

परतताना मी गाडीशी आले तर नवरा स्टिअरिंगमागे बसलेले. "मांगं झोप तू," म्हणाले. मी वाद घातला नाही. मागच्या सीटवर आडवी झाले आणि भंडारा यायच्या आत झोपी गेले. जाग आली ती साकोली सोडल्यावर, वाटेवरच्या वाळूपाशी. इंजिनचा आवाज उतरला आणि मला झोपेतच कळलं की दांडी डी-टूवर गेली. गाडी सावकाश, न घसरता वाळूतून निघाली. पुढे पाळीचा चढ आला, तिथे एल. मी डोळे उघडले नाहीत.

तेव्हापासून आमची वाटणी झाली. डांबरी सडक त्यांची, कच्ची वाट माझी. ज्याच्या हाती गाडी नसेल त्याने गप्प बसायचं. हे कुणी ठरवलं नव्हतं. कधीतरी ते "अवं" एवढं म्हणायचे आणि पुढचं गिळायचे. मला तेवढ्याने पुष्कळ हलकं वाटायचं. कामं मात्र तेवढीच राहिली.

ऐंशी सालानंतर गियरबॉक्स जाऊ लागला. डी-वनवर टाकलं तर इंजिन नुसतंच पळायचं आणि गाडी जागची हलायची नाही, मग अचानक हिसका मारायची. पुढे एलवर तेवढी चालायची. काही महिने आम्ही एलवरच गावोगाव रांगत गेलो. सायकलवाले आम्हाला मागे टाकायचे. नागपूरच्या मेकॅनिकने खोलून पाहिला, आतल्या चकत्या झिजल्या आहेत म्हणाला, आणि असले पार्ट इथे कुठून आणायचे, म्हणून पुन्हा बंद करून दिला. एके दिवशी एलनेही सोडलं. आर तेवढा उरला. शेजारी म्हणाले, उलटी चालवा आता. नवरा हसले नाहीत.

तोवर खेड्यांकडे एस.टी. येऊ लागली होती आणि सरकारी दवाखान्याच्या जीपा फिरू लागल्या होत्या. नवऱ्याचं वयही होत आलं होतं. त्यांनी बाहेरच्या व्हिजिटा बंद केल्या. भंगारवाल्याने गाडी ट्रॅक्टरला बांधून ओढून नेली, तेव्हा मी मागच्या दारी धान पाखडत होते. बघायला गेले नाही. वाईट वाटत होतं असंही नाही. सूप खाली ठेवायचा कंटाळा आला होता.

त्या दुपारी जेवणं झाल्यावर मी चटई टाकून पडले. दारात कुणी हाक मारली, नवऱ्याने बाहेर जाऊन काहीतरी सांगितलं, तो माणूस गेला. उठले तेव्हा उन्हं उतरली होती. स्वयंपाकघरात भांडी वाजत होती. ते ताठ पायावर तोल सांभाळत, एका हाताने ओट्याला धरून चहा करत होते. त्यांनी कप माझ्यापुढे ठेवला.

चहा फार गोड झाला होता. मी तसाच पिऊन टाकला आणि पुन्हा आडवी झाले.